वैतरणेच्या मुखावरचं नाव: ‘अर्नाळा’ युद्धनौकांची पार्श्वभूमी

वसईजवळच्या अर्नाळा किल्ल्याच्या तटावर उभं राहिलं की तो नेमका तिथेच का बांधला, हे सांगावं लागत नाही. समोर वैतरणेचं मुख. चिमाजी अप्पांच्या काळात, 1737 मध्ये, मराठ्यांनी तो उभारला तो या वाटेने आत शिरू पाहणाऱ्या गलबतावर नजर ठेवायला.

नौदलाने हेच नाव आता दुसऱ्यांदा युद्धनौकेला दिलं आहे. 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला ‘आयएनएस अर्नाळा’ ताफ्यात आली. उथळ पाण्यात पाणबुड्या शोधणाऱ्या सोळा नौकांतली ही पहिली. आठ कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सकडे, आठ कोचीन शिपयार्डकडे. दोन्ही करार एप्रिल 2019 मधले.

या नौकांची निकड समजून घ्यायची तर 9 डिसेंबर 1971 ची रात्र आठवावी लागते. दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या पाण्यातही पाणबुडी किती घातक ठरते, याची ती फार मोठी किंमत होती.

उथळ पाणी पाणबुडीला आसरा देतं. सोनार म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी ऐकणं. इथे तो आवाज तळावर आपटतो, पृष्ठभागावर आपटतो आणि सगळे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. त्यात मच्छीमारांच्या ट्रॉलरची इंजिनं घरघरत असतात. भर म्हणजे वरचं पाणी तापलेलं आणि खालचं गार असलं की ध्वनी वाकतो, आणि गार थराखाली लपलेली पाणबुडी सुटून जाते. म्हणून नव्या नौकांना नौकेच्याच बुडाशी बसवलेल्या सोनारबरोबर केबलने हव्या त्या खोलीवर सोडता येणारा सोनारही दिला आहे. मला तरी या नौकेचं खरं बळ त्यातच दिसतं. टॉर्पेडो आणि रॉकेटं त्यानंतरची.

लांबी 77.6 मीटर, पण पाण्याखाली बुडणारा भाग जेमतेम 2.7 मीटर. डिझेल इंजिनांवर चालणारे वॉटरजेट पाण्याचा झोत मागे फेकून तिला पुढे ढकलतात. मोठी विनाशिका जिथे जपून जाते, तिथे ही निर्धास्त वळते.

पहिली ‘अर्नाळा’ सोव्हिएत बनावटीची होती; 1972 ते 1999 तिने सेवा बजावली. तिच्या जातीच्या ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ या नौका 4 डिसेंबर 1971 च्या कराची हल्ल्यात क्षेपणास्त्र बोटींच्या सोबत होत्या. 1989 पासून पाणबुडीविरोधी ‘अभय’ वर्गाच्या नौका आल्या, पण फक्त चार. एवढ्या लांब किनाऱ्याला चार! त्यांतली ‘अजय’ 2022 मध्ये निवृत्त झाली, तरी नव्या ताफ्यातली एकही नौका तोवर पाण्यात उतरली नव्हती. हा उशीर मला आजही खटकतो.

कोचीच्या आठ नौकांपैकी ‘माहे’ 24 नोव्हेंबर 2025 रोजी मुंबईत दाखल झाली. तिच्याच बरोबरीने, 30 नोव्हेंबर 2023 रोजी, जलावतरण झालेल्या एका नौकेचं नाव आहे ‘मालवण’. याआधी हे नाव एका लहानशा सुरुंगशोधक नौकेवर होतं, ती 2003 मध्ये निवृत्त झाली. सिंधुदुर्ग किल्ला ज्या गावासमोरच्या पाण्यात उभा आहे, त्या गावाचं नाव वीस वर्षांनी पुन्हा समुद्रात उतरलं.