सात आणि आठ यांच्यातलं अंतर पंधरा

"ती फाइल नक्की कुठल्या सर्व्हरवर असते?" टॉरेंटचा, म्हणजे इंटरनेटवरून मोठमोठ्या फाइली उतरवून घेण्याच्या पद्धतीचा, विषय निघाला की हा प्रश्न येतोच. एखाद्या टॉरेंट संकेतस्थळावर बंदी आली की मागोमाग दुसराही येतो: संकेतस्थळ बंद, मग फाइल अजून उतरते कशी?

दोन्ही प्रश्नांमागचा गैरसमज एकच. आपल्याला सवय आहे ती दुकान आणि गिऱ्हाईक या पद्धतीची. मालाने भरलेला एक मोठा संगणक आणि त्याच्यासमोर रांगेत उभे आपण. टॉरेंटसारख्या पीअर-टू-पीअर, म्हणजे बरोबरीच्या संगणकांनी एकमेकांशी थेट जोडलेल्या जाळ्यात दुकानच नसतं. फाइलचे शेकडो तुकडे केलेले असतात, आणि ती उतरवून घेणारा प्रत्येक संगणक हाती आलेले तुकडे त्याच वेळी इतरांना वाटत असतो. म्हणून घेणारे वाढले की देणारेही वाढतात. संकेतस्थळावर असते ती फार तर फाइलची ओळखचिठ्ठी.

पण दुकान नाही म्हटल्यावर खरी अडचण सुरू होते. माल कुणाकडे आहे, हे सांगणार कोण?

१९९९ मध्ये आलेल्या नॅप्स्टरने सोपा मार्ग धरला. गाणी लोकांच्या संगणकांवर, पण कुणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवर. २००१ मध्ये न्यायालयीन लढाईत ती यादी बंद पडली आणि सगळं जाळं थंडावलं. २०००च्या ग्नुटेलाने यादीच ठेवली नाही. शेजाऱ्याला विचारायचं, त्याने त्याच्या शेजाऱ्यांना, त्यांनी त्यांच्या. सहसा सात उड्या झाल्या की प्रश्न विरून जाई. म्हणजे गलका हजारो संगणकांवर, आणि फाइल आठव्या उडीवर असेल तर सापडणार नाहीच. २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने बिटटॉरेंट, म्हणजे आपलं हे टॉरेंट, आणलं. त्यात कोण काय वाटतंय याची नोंद 'ट्रॅकर' नावाचा संगणक ठेवी. म्हणजे पुन्हा मोक्याची एक जागा आलीच.

यादी तर हवी, पण ती कुणा एकाकडे नको. या पेचातून २००२ मध्ये पेटर मेमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या दोघांनी जी वाट काढली, ती माझ्या मते संगणकशास्त्रातल्या सर्वात देखण्या कल्पनांपैकी एक आहे. तिचं नाव कडेम्लिया. बाकी सगळं मी घाईत सांगितलं ते हिच्यासाठीच.

जाळ्यातला प्रत्येक संगणक स्वतःसाठी एक प्रचंड मोठा आकडा यादृच्छिकपणे निवडतो. शून्य-एकच्या भाषेत १६० अंकी. फाइललाही तेवढाच मोठा आकडा मिळतो, पण तो मनाने निवडायचा नसतो. फाइलचं नाव, आकार, तुकड्यांचे ठसे (प्रत्येक तुकड्याची आकड्यातली ओळखखूण) हा सगळा तपशील एका ठरावीक गणिती चरकातून पिळून तो काढतात. तपशिलात एक अक्षर बदललं तर आकडा पार वेगळा येतो. मॅग्नेट लिंकमध्ये, म्हणजे टॉरेंट सुरू करून देणाऱ्या दुव्यात, जी अगम्य अक्षरमाला दिसते ती म्हणजे हाच आकडा. आता नियम एवढाच: फाइलच्या आकड्याला ज्या संगणकांचे आकडे सर्वात 'जवळ', त्यांनी त्या फाइलच्या वाटेकऱ्यांची यादी सांभाळायची. फाइल नव्हे, फक्त पत्ते.

'जवळ' म्हणजे काय, ही यातली गंमत. इथे अंतर वजाबाकीने मोजत नाहीत. दोन आकडे शून्य-एकमध्ये एकाखाली एक लिहायचे. वरचा-खालचा अंक सारखा असेल तिथे ०, वेगळा असेल तिथे १. जो आकडा तयार होईल ते अंतर. या क्रियेला 'एक्सॉर' म्हणतात. सात म्हणजे ०१११ आणि आठ म्हणजे १०००. चारही जागी अंक वेगळे, म्हणून उत्तर ११११, म्हणजे पंधरा! उलट आठ आणि नऊ (१००१) यांच्यातलं अंतर एक.

हे असलं विचित्र माप अंतर म्हणून चालतं तरी का? स्वतःपासून स्वतःचं अंतर शून्य, ठीक. माझ्यापासून तू जितका लांब तितकाच तुझ्यापासून मी, हेही उघड आहे. राहिली ती शाळेतली त्रिकोणाची अट: दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा कमी असू नये. इथे एक सुरेख निरीक्षण कामी येतं. तिसरी बाजू म्हणजे पहिल्या दोन बाजूंचा एक्सॉरच, आणि एक्सॉर म्हणजे हातचा न घेता केलेली बेरीज. हातचे टाकून दिले तर उत्तर खऱ्या बेरजेपेक्षा मोठं येऊच शकत नाही. झाली अट पूर्ण. (हा परिच्छेद डोक्यावरून गेला असेल तर खुशाल सोडा, पुढचं अडत नाही.)

ही जवळीक निव्वळ ठरवून घेतलेली आहे, हेही सांगायला हवं. आकड्याने माझा सख्खा शेजारी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला असू शकतो. आकड्यांच्या नात्यावरून माणसांची नशिबं सांगणाऱ्या अंकज्योतिषाने निदान एवढं तरी मान्य करावं की नियम आपणच केलेत.

आता शोध. माझ्या आकड्याचा पहिला अंक १ आहे असं धरू. ज्यांचा पहिला अंक ० आहे ते झालं जवळपास अर्धं जग. त्यातले मी फक्त आठ पत्ते ठेवतो. पहिला अंक माझ्यासारखा पण दुसरा वेगळा, हे पाव जग. त्यातलेही आठच. पुढे दोन आणे, एक आणा, प्रत्येकातले आठ. याचा अर्थ माझ्या आसपासचे मला जवळपास सगळे माहीत आणि लांबचे मोजके. कुठलाही आकडा शोधायचा झाला तर ज्या अर्ध्यात तो आहे तिथल्या ओळखीच्याला विचारायचं. तो त्याच्याहून जवळच्याचा पत्ता देतो, तो आणखी जवळच्याचा. दर प्रश्नाला उरलेलं जग निदान निम्मं होतं. दहा लाख, पाच लाख, अडीच लाख, सव्वा लाख असं करत साधारण विसाव्या पायरीला एकच उरतो, आणि प्रत्यक्षात पायऱ्या याहून कमीच लागतात. दहा लाखांच्या जाळ्यात प्रत्येकाने जेमतेम १६० पत्ते सांभाळले की भागतं. (या १६०चा वरच्या १६० अंकांशी संबंध नाही, तो योगायोग.) सगळे जण दुप्पट झाले तर पायरी वाढते फक्त एक.

पत्त्याच्या वहीत जागा भरली आणि नवा कुणी आला तर? जुन्याला हाक मारून पाहायची. त्याने ओ दिली तर नव्याला जागा नाही. ग्नुटेलाच्या मोजमापांतून दिसलं होतं की जो संगणक जास्त वेळ जाळ्यात टिकलाय तो पुढचा तासभरही टिकण्याची शक्यता जास्त असते. म्हणून जुन्यांना मान.

वाटेकरी सापडले की पुढचं काम बिटटॉरेंटचं. जो तुकडा सर्वात कमी जणांकडे आहे तो आधी मागायचा आणि देणाऱ्यालाच द्यायचं, जशास तसे. 'फुकट ते पौष्टिक' म्हणणारे ग्नुटेलावर इतके होते की २००० सालच्या एका अभ्यासात सुमारे ७० टक्के लोक काहीच वाटत नसल्याचं आढळलं. आलेला प्रत्येक तुकडा त्याच्या ठशाशी ताडून पाहिला जातो, जुळला नाही तर फेकून दिला जातो. त्यामुळे अनोळखी माणसाकडून घेऊनही फाइल बिघडत नाही. लिनक्सच्या अवाढव्य फाइली अशाच वाटल्या जातात.

इथे आपल्याला कुणी ओळखत नाही हा समज मात्र काढून टाका. ती पत्त्यांची यादी मागेल त्याला मिळते आणि त्यात तुमचाही आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक, असतो.

आणि 'केंद्र नसलेलं जाळं' या शब्दांनी हुरळून जाणाऱ्यांसाठी एक बारीकशी अडचण. पहिल्यांदाच आलेल्या संगणकाची वही कोरी असते. शेजाऱ्याला विचारायचं तर शेजारी कोण हेच माहीत नाही. म्हणून प्रोग्राममध्ये दोन-चार पक्के पत्ते आधीच लिहून ठेवलेले असतात. पहिली हाक त्यांनाच. त्यानंतर मात्र प्रोग्राम बंद होताना आपली वही जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी थेट जुन्या ओळखीच्यांची दारं वाजवतो.