कागदात दडलेली शाई: लेबल प्रिंटर निवडण्यामागचे रसायन

गेल्या मे महिन्यात इंदूरच्या लोकमान्यनगरातून वहिनींचा फोन आला. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि लिंबाचे लोणचे त्या घरी करतात आणि ऑनलाइन मागणीप्रमाणे पुण्या-बंगळुरूपासून ग्वाल्हेरपर्यंत पाठवतात. "भाऊजी, लेबलाच्या प्रिंटरची शाई संपत आली वाटतं. अक्षरं फिकी झालीत, कागद मात्र काळवंडलाय. बारकोड वाचला जात नाही म्हणून नऊ पार्सलं परत आलीत. आता दुसरा कोणता प्रिंटर घेऊ?"

मी जाऊन पाहिले तेव्हा प्रिंटर ठणठणीत होता. लेबलांचे रोल मात्र गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर ठेवलेले होते. तयार पार्सले भर दुपारी स्कूटरच्या डिकीतून कुरिअरच्या कार्यालयात जात होती आणि पावसापाण्यापासून जपावे म्हणून प्रत्येक बारकोडावर पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती. प्रिंटरमध्ये शाई नव्हतीच, त्यामुळे ती संपण्याचा प्रश्न नव्हता. घरगुती विक्रेत्यांमध्ये हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की प्रिंटर निवडण्याआधी तो दूर करणे मला आवश्यक वाटते.

कुरिअरच्या पार्सलावर दिसणारे बहुतेक लेबल 'डायरेक्ट थर्मल' पद्धतीने, म्हणजे शाईविना थेट उष्णतेने छापलेले असते. असे एक कोरे लेबल घेऊन त्यावर नखाने जोरात रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने तेथे करडी रेघ उमटेल. रंग कागदाच्या थरातच असतो, पण झोपलेल्या अवस्थेत असतो आणि प्रिंटर त्याला फक्त जागे करतो.

हा रंग झोपतो कसा, हे समजण्यासाठी शाळेतील फिनॉल्फ्थॅलिन आठवावे. आम्लात रंगहीन असणारे हे द्रावण आम्लारी मिळताच गुलाबी होते, हे आपण सर्वांनी परीक्षानळीत पाहिले आहे. त्याच्या रेणूच्या मध्यभागी कार्बनचा एक अणू असतो आणि त्याला बेंझीनसारखी तीन वलये जोडलेली असतात. रंगहीन अवस्थेत या मधल्या कार्बनचा चौथा हात एका ऑक्सिजनला धरून पाच अणूंचे एक छोटे कडे तयार करतो, ज्याला लॅक्टोन म्हणतात. कडे बंद असेपर्यंत मधला कार्बन चारही बाजूंनी बांधलेला राहतो, त्यामुळे एका वलयातील इलेक्ट्रॉनांना दुसऱ्या वलयात जाण्याची वाट मिळत नाही. आपापल्या वलयात कोंडलेले हे इलेक्ट्रॉन केवळ अतिनील प्रकाश शोषतात आणि आपल्या डोळ्यांना पदार्थ रंगहीन दिसतो. कडे उघडले की मधला कार्बन सपाट होतो, वलये एका पातळीच्या जवळ येतात आणि इलेक्ट्रॉनांना सलग वाट मोकळी होते. मोठ्या अंगणात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांना उत्तेजित होण्यास कमी ऊर्जा पुरते, म्हणून ते दृश्य प्रकाश शोषू लागतात आणि रंग दिसतो.

थर्मल कागदातील रंगद्रव्ये याच घराण्यातील आहेत. त्यांना ल्युको डाय म्हणतात आणि ग्रीक भाषेत 'ल्युकोस' म्हणजे पांढरा. तोंड आले की पूर्वी घरोघरी जे जांभळे औषध लावत असत, त्या जेन्शियन व्हायोलेटचा मुख्य घटक क्रिस्टल व्हायोलेट होय. त्याचेच लॅक्टोन-कडे असलेले भावंड, म्हणजे क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन, १९५०च्या दशकात अमेरिकेत कार्बनविना प्रती काढण्याच्या कागदासाठी वापरात आले. आजच्या लेबलांत काळा रंग देणारी फ्लुओरान कुळातील द्रव्ये असतात. फरक एवढाच की फिनॉल्फ्थॅलिनचे कडे आम्लारीने उघडते, तर या द्रव्यांचे कडे सौम्य आम्लाने उघडते. ते आम्ल, म्हणजे डेव्हलपर, त्याच थरात बारीक कणांच्या रूपाने शेजारी बसलेले असते. दोन्ही घन असल्यामुळे शेजारी राहूनही त्यांची गाठ पडत नाही.

गाठ घालून देतो तो तिसरा पदार्थ, सेन्सिटायझर. बिस्फेनॉल-ए (बीपीए) हा जुना डेव्हलपर १५० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो, आणि एवढी उष्णता क्षणार्धात देणे छोट्या यंत्राला जड जाते. सेन्सिटायझर १०० अंशांच्या आसपासच वितळतो आणि आपल्या द्रवात रंगद्रव्य व डेव्हलपर दोघांनाही विरघळवून घेतो. रेणू भेटतात, कडे उघडते, ठिपका काळा होतो आणि थंड होताच ती भेट तशीच गोठते.

प्रिंटरचे काम आहे ते योग्य जागी योग्य क्षणी उष्णता देण्याचे. या छपाईचा पाया घालणारे जॅक किल्बी हे इंटिग्रेटेड सर्किटचेही जनक, ज्यांना २००० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०३ डीपीआय (इंचाला २०३ ठिपके) असे ज्यावर लिहिलेले असते त्या यंत्राच्या हेडवर, म्हणजे कागदाला टेकणाऱ्या छपाईच्या पट्टीवर, प्रत्येक मिलिमीटरला ८ सूक्ष्म तापक असतात. १०४ मिलिमीटर रुंदीत ८३२. कागद सेकंदाला १५० मिलिमीटर सरकत असेल तर सेकंदाला १२०० ओळी छापल्या जातात, म्हणजे प्रत्येक तापकाने एका सेकंदाच्या बाराशेव्या भागात तापून पुन्हा निवायचे असते. माझ्या मते घरात येणाऱ्या यंत्रांमध्ये इतके देखणे अभियांत्रिकी काम क्वचितच असते.

आता वहिनींच्या पार्सलांकडे वळू. अशा कागदाला साधारण ६० ते ७० अंशांपासून रंग चढू लागतो आणि त्याहून कमी तापमानातही, दीर्घकाळ ऊब व दमटपणा मिळाला तर, तो हळूहळू करडा पडतो. शेगडीवरच्या फळीने रोल आधीच अर्धवट जागे केले होते. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर असताना उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरच्या बंद डिकीने उरलेले काम केले. अक्षरे फिकी होण्याचे कारण मात्र उलटे आहे. उघडलेले कडे पुन्हा मिटू शकते. तेल, तसेच प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी त्यात घातलेले प्लॅस्टिसायझर, थरात झिरपतात, डेव्हलपरला रंगद्रव्यापासून सोडवतात आणि अक्षर पांढरे होते. वहिनींच्या चिकटपट्टीतून आणि लोणच्याच्या तेलकट बोटांतून हेच घडत होते. याउलट सॅनिटायझरचा थेंब पडला तर अल्कोहोल दोघांनाही विरघळवून एकत्र आणते आणि कोरा कागद काळा होतो.

म्हणून प्रिंटर निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नसून लेबलाने किती दिवस जगायचे आहे, हा असावा. पार्सलावरच्या पत्त्याला आठवडाभराचे आयुष्य पुरते. तेथे चार इंची, २०३ डीपीआयचा डायरेक्ट थर्मल प्रिंटर अगदी योग्य आहे, कारण कुरिअरचे लेबल सहसा ४ बाय ६ इंचांचे असते. तीन इंची यंत्र स्वस्त म्हणून घेऊ नये. बरणीवरच्या लेबलाची गोष्ट वेगळी. २०११च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे त्यावर निव्वळ वजन, कमाल किंमत, उत्पादनाची तारीख आणि उत्पादकाचा पत्ता लागतो, शिवाय १४ आकडी अन्न परवाना क्रमांक. हा मजकूर लोणचे संपेपर्यंत टिकला पाहिजे, तोही तेलाच्या संगतीत. त्यासाठी थर्मल ट्रान्सफर प्रिंटर लागतो. त्यातही हेड तसेच तापते, पण मध्ये रिबन असते आणि तिच्यावरचे कार्बनयुक्त मेण किंवा रेझिन (राळेसारखा पदार्थ) वितळून कागदाला चिकटते. हा रंग कड्यांच्या उघडझापीवर अवलंबून नसल्यामुळे सहसा फिका पडत नाही. तेलकट मालासाठी निव्वळ मेणाच्या रिबनपेक्षा मेण-रेझिन मिश्र रिबन घ्यावी. ३०० मीटरच्या एका रिबनमध्ये ४ बाय ६ इंचांची सुमारे १९०० लेबले निघतात, हा हिशेब मांडूनच खर्चाची तुलना करावी.

जाहिरातींतील 'शाईचा खर्च शून्य' हा दावा दिशाभूल करणारा आहे, कारण शाईचे पैसे आपण प्रत्येक रोलमध्ये मोजतोच. 'बीपीए-मुक्त' या शब्दाचेही असेच आहे. युरोपीय संघाने २०२० पासून थर्मल कागदातील बिस्फेनॉल-ए वर कडक मर्यादा घातली, पण पुष्कळदा त्याच्या जागी त्याचेच भावंड बिस्फेनॉल-एस येते. दिवसभर लेबले हाताळणाऱ्याने हात धुऊनच स्वयंपाकाला लागावे.

बारकोडाबद्दल एवढेच सांगतो. पार्सलावर बहुधा असणाऱ्या कोड १२८ मधील प्रत्येक पट्टी एका मूळ रुंदीच्या एक ते चार पट असते, आणि ती मूळ रुंदी ठिपक्यांच्या पूर्ण संख्येत बसली पाहिजे. फाइल 'फिट टू पेज' करून ९६ टक्क्यांवर छापली की ३ ठिपक्यांची रुंदी २.८८ होते, यंत्राला ०.८८ ठिपका छापता येत नाही, त्यामुळे काही पट्ट्या तीन ठिपक्यांच्या तर काही दोनच्या होतात आणि स्कॅनर गोंधळतो. छपाई नेहमी १०० टक्क्यांवर ठेवावी.

लेबलावर उभी पांढरी रेघ येऊ लागली ती यंत्र मुहूर्तावर सुरू न केल्यामुळे, असे वहिनींच्या शेजारच्या काकूंचे मत होते. ती रेघ एखाद्या तापकावर कचरा बसल्याने किंवा तो निकामी झाल्याने येते. खंडेनवमीला यंत्राची पूजा अवश्य करावी, पण हळदकुंकू झाकणाच्या आत जाऊ देऊ नये आणि दर नव्या रोलला, प्रिंटर बंद व थंड असताना, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसावे. वहिनींची रेघ तेवढ्याने गेली.

दुसरा प्रिंटर घेण्याआधी आम्ही एक प्रयोग केला. लोणच्याच्या एकाच बरणीवर दोन लेबले लावली, एक त्यांच्याच यंत्रातले आणि दुसरे एका परिचित दुकानातून मिश्र रिबनवर छापून आणलेले. दोन्हींवर शेंगदाणा तेलाचे बोट फिरवले आणि बरणी फडताळात ठेवली. आठव्या दिवशी वहिनींनी फोटो पाठवला. पहिल्या लेबलावरची उत्पादनाची तारीख शोधूनही सापडत नव्हती, आणि दुसऱ्यावरचा परवान्याचा चौदावा आकडा मला माझ्या फोनवर चष्म्याविना वाचता आला.