दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

कुपवाड एमआयडीसीत पाळी सुटली की तेलकट बोटांनीच मोबाईल उघडून पावलं बघितली जातात. ६,८०० दिसले की चेहरा पडतो: 'दहा हजार झाली नाहीत, चालणं वाया गेलं.' हा समज चुकीचा आहे. हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर! २०१९ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वयस्कर बायकांना ४,४०० पावलांनीही फायदा दिसला. ७,५०० नंतर तो फारसा वाढला नाही. कालच्यापेक्षा आज थोडं जास्त चाललात, एवढंच ॲपवर बघा. आणि रात्रपाळीनं झोप उडाली, मन खचलं असेल, तर ॲपवर विसंबू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.