उंदरांच्या ऐच्छिक मद्यपानाचा प्रयोग: फॉर्म बी परत का येतो?

पिंजऱ्यावर दोन बाटल्या लावायच्या, एकीत पाणी, दुसरीत पाण्यात मिसळलेले अल्कोहोल, आणि उंदीर कशातले किती पितो ते मोजायचे. पद्धत इतकी साधी वाटते की फॉर्म बी, म्हणजे प्राण्यांवरील प्रयोगाच्या परवानगीचा अर्ज, घाईत भरला जातो, आणि तिथेच अडतो.

पात्रतेचा भाग थोडक्यात. संस्थेचे प्राणीगृह सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती, पूर्वीची सीपीसीएसईए) नोंदलेले हवे आणि उंदीर नोंदणीकृत पैदासकाराकडूनच घ्यायला हवेत. लहान प्राण्यांचा अर्ज दिल्लीला जात नाही, संस्थेची आयएईसी, म्हणजे प्राणी नीतिशास्त्र समितीच, निर्णय देते. मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही. ‘आधी चार उंदरांवर करून बघतो’ हा विचार सोडा.

खरी अडचण स्पिरिटच्या परवान्याची. अ‍ॅब्सोल्यूट अल्कोहोल किंवा रेक्टिफाइड स्पिरिट बाळगायला महाराष्ट्रात राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो संस्थेच्या नावे असतो, त्यात साठ्याची मर्यादा असते आणि वापराची नोंदवही ठेवावी लागते. अनेक विभागांना आपल्या संस्थेकडे तो आहे का हेही माहीत नसते, म्हणून सर्वांत आधी स्टोअरमध्ये चौकशी करा. डिनेचर्ड स्पिरिटचा पर्याय सुचवू नका. त्यात मिथेनॉलसारखे विषारी किंवा कडू पदार्थ मुद्दाम मिसळलेले असतात, प्राणी आजारी पडेल आणि आकडेही निरर्थक ठरतील.

परवान्यातील प्रमाणही चुकते, कारण लोक पिण्याचा हिशेब धरतात. १६ उंदीर रोज ४ मिली असे २८ दिवस १० टक्के द्रावण प्यायले, तर शुद्ध अल्कोहोल सुमारे १८० मिली लागते. पण अल्कोहोल उडते, म्हणून बाटली आठवड्यातून दोनदा तरी बदलावी लागते. गळती मोजायला दोन रिकाम्या पिंजऱ्यांवरही तशाच बाटल्या हव्यात. अशा १८ बाटल्या ५० मिलीप्रमाणे ८ वेळा भरल्या, तर द्रावण ७.२ लिटर आणि अल्कोहोल ७२० मिली होते. मागणी या आकड्याची करा.

डोसच्या रकान्यात नुसते ‘१० टक्के’ लिहू नका. आकारमानाने की वजनाने, ते स्पष्ट करा. आकारमानाने १० टक्के म्हणजे १०० मिलीत ७.८९ ग्रॅम. २५ ग्रॅमचा उंदीर असे ४ मिली प्यायला तर ते ०.३१६ ग्रॅम, म्हणजे किलोमागे सुमारे १२.६ ग्रॅम. हे गणित फॉर्ममध्येच करून दाखवा. बाटल्यांच्या जागा रोज अदलाबदल करणार हेही लिहा, नाहीतर उंदराला डावी बाजू आवडते की अल्कोहोल, हे कळणारच नाही.

‘ऐच्छिक’ हा शब्द समिती शब्दशः घेते, आणि ते योग्यच आहे. पाणी बंद करून पाजलेले अल्कोहोल ऐच्छिक नव्हे. ‘ड्रिंकिंग इन द डार्क’ पद्धतीत अंधार झाल्यावर तीन तासांनी २० टक्के द्रावण दोन तास देतात, चौथ्या दिवशी चार तास. तेवढ्या वेळात पाण्याची बाटली काढलेली असते. ते लपवू नका. वेळ किती आणि पाणी पुन्हा कधी, हे तासांत लिहा.

एकेकट्या पिंजऱ्याचे समर्थन स्वतंत्र परिच्छेदात द्या. उंदीर समूहात राहणारा प्राणी आहे, पण दोघे एकाच बाटलीतून प्यायले तर कोण किती प्यायला ते साध्या वजनाने कळत नाही. एकटा किती दिवस ठेवणार, घरट्यासाठी काय देणार आणि वजन किती घटल्यास प्रयोग थांबवणार, हे नमूद करा.

‘प्रत्येक गटात ६’ हा आकडा सवयीने लिहिला जातो. पिण्याच्या प्रमाणात उंदरा-उंदरात मोठा फरक असतो, म्हणून आधीच्या आकड्यांवरून संख्याशास्त्रीय हिशेब जोडा. जातीचे कारणही द्या: सी५७बीएल/६ उंदीर अल्कोहोल आपणहून पितात, डीबीए/२ टाळतात. ‘आमच्याकडे स्विस जातीचे उंदीर आहेत’ हे समितीला पटणारे कारण नाही.

आयएईसीवर सीसीएसईएने नेमलेला प्रतिनिधी (नॉमिनी) हजर नसेल तर बैठक पुढे ढकलली जाते, आणि मधल्या काळात आगाऊ मागवलेले उंदीर वाढून फॉर्ममधल्या वय-वजनात बसेनासे होतात. म्हणून मंजुरीचा क्रमांक हातात आल्यावरच त्यांची ऑर्डर द्या.