तिसरा फेज कुठून आणायचा? बेळगाव पट्ट्यातल्या एका जुन्या खटपटीची पार्श्वभूमी

बेळगावात वडगाव, खासबाग, शहापूर या भागांत कित्येकांच्या घरातच माग आहेत. मागाची मोटर एक एचपीच्या आतबाहेरची, पण बहुधा थ्री फेज, म्हणजे तीन तारांवरून पाठोपाठ येणाऱ्या विजेवर चालणारी. उद्यमबागेतल्या कारखान्यांतून सेकंडहँड निघणारे लेथ, ड्रिल, ग्राइंडर यांच्या मोटरीही थ्री फेजच. घराच्या मीटरमधून मात्र फेज आणि न्यूट्रल अशा दोनच तारा बाहेर पडतात. या दोन तारांवर ती मोटर फिरवायची खटपट इथे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे, आणि तिची मुळे मोटरीच्या जन्माइतकीच जुनी आहेत.

फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना इटलीत गॅलिलिओ फेरारिस यांनी 1885 मध्ये प्रयोगाने दाखवली. 1888 मध्ये निकोला टेस्लांना अमेरिकेत त्याची पेटंटे मिळाली. पुढच्याच वर्षी डोलिवो-दोब्रोवोल्स्की यांनी पिंजऱ्याच्या रोटरची (आतल्या फिरत्या भागाची) थ्री फेज मोटर तयार केली. आज आपण वापरतो ती मोटर मुळात तीच. 1891 मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टला 175 किलोमीटरवर थ्री फेज वीज नेली गेली, आणि कारखान्यांनी कोणती पद्धत घ्यायची हे जवळपास ठरून गेले. घरांना दिव्यापुरता एक फेज पुरत होता, म्हणून घरात एकच आला.

एका फेजवर थ्री फेज मोटर सुरू का होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पुढचे सगळे उपाय याच्याशीच बांधलेले आहेत. एका फेजचे क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी कमीजास्त होते. ते म्हणजे उलटसुलट फिरणारी दोन सारखीच क्षेत्रे. रोटर दोघांच्या ओढाताणीत अडकतो आणि मोटर नुसती घुमते. हाताने किंवा दोरीने गती दिली तर मात्र ती त्या दिशेने धावू लागते. धावती मोटर आपल्या मोकळ्या तिसऱ्या टोकावर स्वतःच व्होल्टेज तयार करते. 1890 च्या दशकात रिकार्डो आर्नो यांनी याच गुणाचा कन्व्हर्टर केला: एक मोटर रिकामी फिरवायची आणि तिच्या टोकांवर बाकीच्या थ्री फेज मोटरी जोडायच्या. भारतीय रेल्वेच्या वॅम-4 इंजिनांत पंखे आणि कॉम्प्रेसर याच आर्नो कन्व्हर्टरवर चालत. छोट्या वर्कशॉपात दोन एचपीच्या लेथसाठी तीन एचपीची मोटर रिकामी फिरवतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. तीन-चार मशीन आलटून पालटून चालवायची असतील तर आजही हा उपाय भक्कम आहे. वीज थोडी जास्त जाते, इतकेच.

दुसरा उपाय कंडेन्सरचा, म्हणजे कपॅसिटरचा. मोटर डेल्टात, म्हणजे तिची तिन्ही वायंडिंग (तारेच्या गुंडाळ्या) त्रिकोणात जोडायची, दोन टोकांना फेज-न्यूट्रल द्यायचे आणि तिसऱ्या टोकाला कंडेन्सरमधून वीज द्यायची. ही जोडणी विद्युत अभियंता स्टाइनमेट्झच्या नावाने ओळखली जाते. 230 व्होल्टवर एका किलोवॉटला साधारण 70 मायक्रोफॅरड, म्हणजे एक एचपीला 50 च्या आसपास. सुरू होताना याच्या दुप्पट-तिप्पट लागतो, पण वेग घेताच जादाचा कंडेन्सर तोडावाच लागतो. चालू राहणारा कंडेन्सर 440 व्होल्ट एसीचा, तेलाचा किंवा फिल्मचा हवा. दिशा उलटायची तर कंडेन्सरचे लाईनकडचे टोक दुसऱ्या तारेवर न्यायचे.

इथे सगळ्यात जास्त चूक टर्मिनल बॉक्समध्ये होते. आपल्याकडच्या दोन-तीन एचपीपर्यंतच्या बहुतेक मोटरी 415 व्होल्टला स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगांचे एकेक टोक एकत्र जोडून) असतात, म्हणजे प्रत्येक वायंडिंगला 240 व्होल्ट. सहा टोके बाहेर असतील तर स्टारची आडवी पट्टी काढून तीन उभ्या पट्ट्या टाकल्या की डेल्टा झाला. पट्टी न बदलता 230 दिले तर मोटरीचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर येतो आणि लोक कंडेन्सरला दोष देत बसतात. जुन्या मोटरीतून तीनच वायरी येतात. तिचा स्टारचा सांधा वायंडिंगच्या माथ्यावर वार्निश आणि दोऱ्याखाली दडलेला असतो. मोटर भरणारा कारागीर झाकण काढून तो सांधा उकलतो, तीन टोके सुटी करून त्यांवर स्लीव्ह चढवतो आणि बाहेर आणतो. हे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे.

कंडेन्सरची मूळ उणीव अशी की तो एकाच लोडला जुळतो. त्या लोडलाही पूर्ण ताकदीच्या सत्तर टक्क्यांवर भिस्त ठेवू नये. लोड कमी झाला की कंडेन्सरच्या बाजूच्या वायंडिंगमधून जास्त करंट वाहतो, त्यामुळे मोटर रिकामी चालवूनही तापते. पंखा, पंप अशा एकसारख्या लोडला तो चालतो. क्षणोक्षणी लोड बदलणाऱ्या लेथला नाही. क्लॅम्प मीटरने तिन्ही वायरींचा करंट पाहून पाच-पाच मायक्रोफॅरडने कमीजास्त करणे, एवढाच खरा मार्ग.

शेतातली गोष्ट वेगळी. बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते, मग म्हैसूर राज्यात आले. वीज आधी म्हैसूरच्या विद्युत मंडळाकडे होती, 2002 पासून हेस्कॉम या वीज वितरण कंपनीकडे आहे. चिकोडी, रायबाग, अथणीचा ऊस वाढला तशा पाच-साडेसात एचपीच्या मोटरी वाढल्या. थ्री फेज ठरावीक तासच मिळे, बाकी वेळ गावातल्या दिव्यांपुरती वीज. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) तीन तारांपैकी एक उघडली, म्हणजे तोडून ठेवली, की डीपीच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या) एका फेजवर पूर्ण व्होल्टेज राहते, उरलेल्या दोहोंवर निम्मे. पूर्ण आणि निम्म्या फेजमध्ये मग साधारण 345 व्होल्ट मिळतात. त्यावर कंडेन्सर लावून पंप चालवले गेले. डीपी तापे, निम्म्या फेजवरच्या घरांत दिवे मंद होत, आणि त्यातही धोक्याचे म्हणजे मोटरीचे तिसरे टोक लाईनला जोडलेलेच राहिले तर डीपीमधून उलटा करंट 11 केव्हीच्या तारेवर चढतो. ती तार बंद समजून वर चढलेल्या लाईनमनचा त्यात जीव जाऊ शकतो. निरंतर ज्योती योजनेत गावठाण आणि शेतीचे फीडर वेगळे झाले, तेव्हा या प्रकाराची गरज बरीच ओसरली.

घरातल्या छोट्या मोटरीला खरा उतारा दिला तो व्हीएफडीने, म्हणजे मोटरीला हव्या त्या वेगाची थ्री फेज वीज बनवून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याने. त्याच्या पोटातला आयजीबीटी हा इलेक्ट्रॉनिक स्विच 1980 च्या सुमारास अमेरिकेत विकसित झाला. त्यामागे ज्यांचे मोठे काम आहे ते बी. जयंत बालिगा आपल्याच राज्यात, बंगळुरूजवळच्या जलाहळ्ळीत वाढले. व्हीएफडी आलेला एक फेज आधी डीसी करतो आणि त्यातून तीन खरे फेज तयार करतो. पण 230 आत गेले तर बाहेरही 230 च येतात, म्हणून इथेही मोटर डेल्टातच हवी. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा कंडेन्सर लावू नये; बंद-चालू व्हीएफडीच्या बटणानेच करावे. थ्री फेज इनपुटचा व्हीएफडी एका फेजवर वापरायचाच असेल, आणि कंपनीचे माहितीपत्रक परवानगी देत असेल, तर दुप्पट क्षमतेचा घ्यावा.

एक एचपीला व्हीएफडीमधून सात-आठ अँपिअर जातात. 16 अँपिअरच्या पॉइंटवर ते निभते. पाच एचपीला तीसच्या आसपास लागतात. घरच्या सर्व्हिस वायरीवर तो भार टाकू नये. तिथे थ्री फेजचे कनेक्शनच मागावे.