बरोबरी कोण घडवतं?

२०१८, लंडन. बुद्धिबळाच्या विश्वविजेतेपदाच्या बाराव्या, नियमित डावांतल्या शेवटच्या डावात मॅग्नस कार्लसनची स्थिती वरचढ होती, घड्याळातही वेळ जास्त होता. तरी ३१व्या चालीला त्याने फाबियानो कारुआनापुढे बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. बाराच्या बारा डाव बरोबरीत! जगज्जेतेपदाच्या लढतीत असं प्रथमच घडलं. दोन दिवसांनी बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद (कमी वेळेच्या) डावांत कार्लसन ३-० ने जिंकला. अनेकांनी त्याला भित्रा ठरवलं, पण पुढे जलद डाव आहेत हे माहीत असताना त्याने केलेला हिशोब चोख होता. माझ्या मते बरोबरी पटावर होते त्याहून जास्त नियमावलीत होते.

बरोबऱ्यांना कंटाळून नियम बदलणं जुनंच आहे. एके काळी बरोबरीत सुटलेला डाव पुन्हा खेळवत. १९२७ साली ब्युनोस आयर्सला ‘आधी सहा डाव जिंकेल तो विजेता, बरोबरीला गुण नाही’ असं ठरलं होतं. अलेखाइनने तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांकाला हरवलं खरं, पण ३४ पैकी २५ डाव बरोबरीत सुटले.

पुढचा एक जगज्जेता बॉबी फिशर याचाही या पद्धतीवर विश्वास होता. १९७५ मध्ये त्याने दहा विजयांची अट मागितली. सगळ्या अटी मान्य न झाल्याने त्याने किताब सोडला. फिडेने (जागतिक बुद्धिबळ महासंघाने) १९७८पासून सहा विजयांची पद्धत आणली.

मग आली १९८४ची मॉस्कोतली लढत. नऊ डावांत जगज्जेता कार्पोव्ह ४-० ने पुढे. आव्हानवीर कास्पारोव्हला आता एकही चूक परवडणारी नव्हती. बरोबरीने गुण मिळत नव्हते, पण पराभव लांबत होता, आणि डावांना मर्यादाच नव्हती. सलग १७ डाव बरोबरीत सुटले. २७वा कार्पोव्हने जिंकला: ५-०, फक्त एक विजय हवा. तो मिळालाच नाही. कास्पारोव्हने ३२वा घेतला, मग आणखी १४ बरोबऱ्या, मग ४७वा आणि ४८वाही त्याचाच. फेब्रुवारी १९८५ मध्ये फिडेचे अध्यक्ष कॅम्पोमानेस यांनी लढत निकालाविनाच थांबवली. ४८ पैकी ४० डाव बरोबरीत! बरोबरीला शून्य किंमत देणाऱ्या नियमाने बरोबरीलाच सर्वांत भक्कम ढाल बनवलं होतं.

त्याच वर्षी नवी लढत झाली, २४ डावांची. बरोबरीला अर्धा गुण, १२-१२ झाल्यास किताब कार्पोव्हकडेच. शेवटच्या डावाआधी कास्पारोव्ह १२-११ ने पुढे होता, म्हणून पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्पोव्हला जिंकणं भागच होतं. तो हल्ल्यावर गेला आणि हरला. २२ वर्षांचा कास्पारोव्ह जगज्जेता झाला.