पॅनडॉकमधला फाईल-राईट बग

पॅनडॉक हे एका फॉरमॅटमधली फाईल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये करून देणारं ओपन सोर्स टूल, आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये जोडायची लायब्ररी म्हणूनही वापरतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत ते सुरू केलं. २०२३ मध्ये त्यात सापडलेल्या बगचा नंबर सीव्हीई-२०२३-३५९३६ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या त्रुटींना दिला जाणारा जगभरचा नोंदणी नंबर), आणि १.१३ पासून ३.१.३ पर्यंतची सगळी व्हर्जन त्यात येतात. १.१३ आलं २०१४ ला, म्हणजे एवढी वर्षं तो तिथंच होता आणि कुणाला पत्ता नाही.

होतं असं की इमेज कधीकधी वेगळ्या फाईलमध्ये नसते, तिचा डेटा डॉक्युमेंटमध्येच लांबलचक पत्त्यासारखा लिहिलेला असतो. एक्स्ट्रॅक्ट-मीडिया (डॉक्युमेंटमधल्या इमेज बाहेर काढणारा) ऑप्शन दिला किंवा पीडीएफ काढायला सांगितली की पॅनडॉक तो डेटा डिस्कवर फाईल म्हणून उतरवतं, आणि त्या फाईलचं नाव बनवताना त्या पत्त्यातलाच थोडा मजकूर घेतं. आता त्यात कुणी दोन टिंबं आणि स्लॅश, म्हणजे 'एक फोल्डर वर जा', हे टक्क्याच्या चिन्हांनी एन्कोड करून घुसवलं तर फाईल ठरलेल्या फोल्डरबाहेर कुठंही जाऊन पडते, आधीची असली तर तिच्यावरच लिहिली जाते. कुठंही म्हणजे पॅनडॉक ज्या युजरने चालवलंय त्याला जिथं लिहायची परवानगी आहे तिथं, पण कित्येक जण सगळं रूटनेच, म्हणजे सगळी परवानगी असलेल्या युजरने चालवतात, मग काय राहिलं?

घरी बसून स्वतःच्या नोट्स कन्व्हर्ट करणाऱ्याला याचा काही त्रास नाही. धोका आहे तो अनोळखी माणसाची फाईल घेणाऱ्या सर्व्हरला. सांगली-साताऱ्याकडं इंजिनिअरिंगच्या पोरांचा 'फाईल टाका, पीडीएफ घ्या' असला प्रोजेक्ट असतो, किंवा एखादा डीटीपीवाला गिऱ्हाईकांसाठी साईट काढतो, ते बरोबर यात बसतं. त्यात पॅनडॉकचं नेहमीचं पीडीएफ इंजिन देवनागरीला नीट चालत नाही, म्हणून आपण झीलेटेक (XeLaTeX, दुसरं पीडीएफ इंजिन) लावतो, फॉन्ट सांगतो आणि एवढी खटपट करून एकदाचं जमलं की त्या सेटिंगला पुन्हा हात लावायची कुणाची हिंमत नसते, अपडेट तर लांबच. माझ्या मते खरी अडचण बगपेक्षा हीच आहे.

दुरुस्ती ३.१.४ मध्ये आली पण अर्धवट. एन्कोड केलेलंच परत एन्कोड करून दिलं तर बग तसाच चालायचा, त्याला सीव्हीई-२०२३-३८७४५ हा वेगळा नंबर मिळाला आणि ते ३.१.६ ला मिटलं. म्हणून '३.१.४ टाकलंय की' म्हणणाऱ्याला थांबवायचं.

अपडेट जमत नसेल तर बाहेरच्या फाईलसाठी पीडीएफ आणि एक्स्ट्रॅक्ट-मीडिया दोन्ही बंद ठेवायचं, आणि पॅनडॉक कमीत कमी परवानगीच्या वेगळ्या युजरने चालवायचं. लिनक्सवर एपीटीने (सॉफ्टवेअर टाकायच्या कमांडने) टाकलेलं पॅनडॉक बरेचदा जुन्या नंबरचं असतं, पण डिस्ट्रोवाले, म्हणजे लिनक्सची आवृत्ती बनवणारे, कधीकधी जुन्या नंबरवरच पॅच (दुरुस्ती) चढवतात, तेव्हा नुसता नंबर न बघता पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडून त्यात हे दोन सीव्हीई आहेत का ते बघायचं.